पोलादवाल्याने केलेली ग्रॅफाइट शाफ्टची पारख

धातुशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे गोल्फच्या क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचा, दांडा (शाफ्ट) पोलादाचाच असावा, हा माझा हट्ट साठीपर्यंत टिकला. आयर्नना, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्यांसाठीच्या क्लबना, ग्रॅफाइटचे, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे, शाफ्ट बसवणारा माणूस एकतर म्हातारा झालेला असतो किंवा दुकानदाराच्या बोलण्याला भुललेला असतो, असे मी मैदानावर उघडपणे म्हणत असे. त्यातली पहिली शक्यता मला लागू होत चालली आहे, हे मात्र लक्षात येत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली. सुरुवातीला ती खेळून झाल्यावर येई, पुढे चहाचा कप उचलतानाही येऊ लागली, आणि हाडांच्या डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद ठेवायला सांगितले. त्या सक्तीच्या विश्रांतीत जे वाचले आणि त्यानंतर गेल्या नोव्हेंबरपासून यंदाच्या जूनपर्यंत मी व माझ्या तीन खेळगड्यांनी जे शाफ्ट प्रत्यक्ष मारून पाहिले, त्यांचे हे परीक्षण आहे.

तुलनेची पद्धत आधी सांगतो, कारण तिच्यात उणिवा आहेत. आयर्नसाठी चार शाफ्ट घेतले: ट्रू टेम्परचा डायनॅमिक गोल्ड एस-३०० आणि निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५० जीएच हे दोन पोलादी, तर एरोटेकचा स्टीलफायबर आय-९५ आणि यूएसटी मामियाचा रिकॉइल ७८० हे दोन ग्रॅफाइटचे. एकाच मॉडेलच्या सात नंबरच्या आयर्नची चार जुनी हेड, म्हणजे चेंडूला लागणारे भाग, जमवून त्यांना हे शाफ्ट लावले आणि चारही क्लबना एकाच मापाची, एकाच कंपनीची ग्रिप चढवली, कारण ग्रिप बदलली की शाफ्टविषयीचे मतच बदलते, हा अनुभव सर्वांना आहे. ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचे, काम सोपे होते. आजकालच्या ड्रायव्हरला स्लीव्ह, म्हणजे शाफ्ट हेडला जोडणारी नळी, असते आणि एका किल्लीने शाफ्ट काढता-घालता येतो. म्हणून हेड एकच ठेवून फुजिकुराचा व्हेंटस ब्लू, मित्सुबिशीचा टेन्सेई सीके ब्लू आणि ग्रॅफाइट डिझाइनचा टूर एडी डीआय हे तीन शाफ्ट आलटून-पालटून लावले. यांतले दोनच माझे. बाकीचे मित्रांचे, आणि त्यांपैकी दोन एकाच्या मुलाने परदेशातून सामानात घालून आणलेले. फटका मारताना माझ्या ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी ८८ मैलांच्या आसपास आहे, चौघांतल्या सर्वांत तरुण गड्याचा ९८ आहे, आणि आम्ही कोणीही व्यावसायिक नाही. तेव्हा हे मत चार हौशी हातांचे आहे, हे धरूनच पुढे वाचावे.

साहित्यापासून सुरुवात करतो, कारण जाहिरातींचा सगळा भर त्यावरच असतो. गोल्फचा दांडा मुळात हिकरीच्या लाकडाचा होता. सेंट अँड्र्यूजच्या नियामक मंडळाने पोलादी शाफ्टला १९२९ साली मान्यता दिली आणि पुढच्या दशकात लाकूड मागे पडले. ग्रॅफाइटचा शाफ्ट फ्रँक थॉमस या अभियंत्याने १९६९ मध्ये शेक्सपिअर या अमेरिकी कंपनीत तयार केला. ते पहिले शाफ्ट हलके होते, पण फटक्याच्या वेळी इतके पिळले जात की चेंडू कोणत्या दिशेला जाईल याचा भरवसा नसे. आजही जुन्या खेळाडूंच्या मनात ग्रॅफाइटविषयी जी अढी आहे, तिचे मूळ त्या काळात आहे, आणि ती अढी अगदीच निराधार नव्हती.

कार्बनच्या धाग्याचा स्वभाव समजायला विदर्भातल्या माणसाला बांबूपेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. बांबू उभ्या दिशेने विलक्षण ताकदवान असतो. पण तोच बांबू सुरीची धार लावून ठोकला की सरळ चिरत जातो, कारण सगळे तंतू एकाच दिशेने धावतात आणि त्यांना आडवे धरून ठेवणारे फारसे काही नसते. कार्बन धागा आणि राळ यांच्या पट्ट्याचेही तसेच आहे. धाग्याच्या दिशेने त्याचा कडकपणा सुमारे १३५ गिगापास्कल (कडकपणा मोजण्याचे एकक) असतो, आडव्या दिशेने जेमतेम ८ ते १०. पोलाद सर्व दिशांनी सारखेच, म्हणजे सुमारे २०० गिगापास्कल. पण त्याची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम आणि या पट्ट्याची १.६ च्या आसपास. म्हणजे वजनाच्या हिशेबाने धाग्याच्या दिशेत कार्बन पोलादाच्या तिपटीहून सरस ठरतो, आणि आडव्या दिशेत पोलादाच्या पासंगालाही पुरत नाही. शाफ्ट बनवणाऱ्याची सगळी कला हे दुबळेपण झाकण्यात आहे. राळेत भिजवलेल्या धाग्यांच्या पातळ चादरी विशिष्ट आकारात कापून पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून फीत घट्ट आवळतात, भट्टीत भाजतात, मग सळई ओढून काढतात आणि पृष्ठभाग घासून रंगवतात. उभ्या धाग्यांच्या चादरी वाक सांभाळतात. ४५ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या चादरी पीळ सांभाळतात. आणि कधी कधी एखादी आडवी चादर घालतात, ती नळी चपटी होऊ देत नाही. बुरडाच्या टोपलीत उभ्या कामट्यांना आडव्या कामट्यांनी जखडलेले असते, त्यातलीच ही युक्ती आहे.

आता जाहिरातींतील ‘टन’. शाफ्टच्या कागदावर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे दिसतात, ते वजनाचे किंवा ताकदीचे नसून धाग्याच्या कडकपणाचे आहेत: दर चौरस मिलिमीटरमागे टनांत मोजलेली मात्रा. तोरे या जपानी कंपनीचा टी-७०० धागा सुमारे २३० गिगापास्कलचा, टी-८०० हा २९४ चा आणि टी-११०० हा ३२४ चा. टन वाढला की धागा कडक होतो, पण बहुतेक वेळा ठिसूळही होतो, म्हणून अति-कडक धागा सगळ्या शाफ्टभर वापरत नाहीत. जिथे पीळ रोखायचा तिथेच घालतात. टी-११०० चे कौतुक होते ते कडकपणा आणि ताकद दोन्ही एकदम वाढवल्यामुळे. फुजिकुराने २०१९ मध्ये आणलेल्या व्हेंटसमध्ये, डांबरजन्य पदार्थापासून बनवलेला ७० टनांचा पिच धागा आणि ४० टनांचा धागा तिरप्या थरांत, टोकापासून मुठीपर्यंत अखंड वापरला आहे; कंपनी या रचनेला व्हेलोकोअर म्हणते. विचार पटण्यासारखा आहे: हेडच्या मध्यभागी न लागलेल्या फटक्यात हेड फिरू पाहते, त्याला हा गाभा अडवतो.

येथे खरेदीदारांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. व्हेंटस हे नाव आणि तोच निळा रंग असलेले काही शाफ्ट तयार ड्रायव्हरसोबत मूळ किमतीतच येत असत आणि त्यांत व्हेलोकोअरचा गाभा नसे. दांड्यावर ‘व्हेलोकोअर’ हा शब्द छापलेला आहे की नाही, एवढाच फरक नजरेला दिसतो. अमेरिकेत सुट्या, गाभ्यासहित व्हेंटसची किंमत सुमारे ३५० डॉलर असताना तोच शाफ्ट जुन्या बाजारात फारच स्वस्त दिसला, तर आनंदित होण्याआधी दांड्यावरची अक्षरे वाचावीत.

एवढे सगळे सांगूनही माझे मत असे बनले आहे की आमच्यासारख्या हौशी खेळाडूच्या बाबतीत धाग्याची जात हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वजनाचा, दुसरा मापाचा आणि तिसरा हाताला काय जाणवते याचा. आयर्नच्या तुलनेत हे अगदी स्वच्छ दिसले, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

डायनॅमिक गोल्ड एस-३०० हा सुमारे १३० ग्रॅमचा शाफ्ट. वीस वर्षे मी तोच वापरला आणि आजही त्याच्याविषयी वाईट बोलण्याचे धैर्य मला होत नाही. मध्यभागी लागलेला फटका हातात असा काही उतरतो की चेंडू पाहण्याची गरजच राहत नाही. परंतु नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सी. पी. क्लबच्या मैदानावर मे महिन्यात ज्यांनी आयर्न मारले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. आपल्याकडची जमीन म्हणजे वर काळी माती आणि खाली मुरूम. उन्हाळ्यात ती माती भेगाळून विटेसारखी होते. चेंडूच्या बोटभर आधी हेड जमिनीला लागले, तर तो धक्का पोलादी नळीतून जसाच्या तसा मनगटात आणि तिथून कोपरात येतो. पावसाळ्यात उलटे होते, हेड चिकट मातीत रुतते आणि दांडा हाताला हिसका देतो. ज्या देशांत हे शाफ्ट घडवले गेले, तिथल्या मऊ हिरवळीवर फटक्यासोबत हातभर लांब गवताचा तुकडा उडतो. आपल्याकडे उडते ती धूळ. शाफ्टची परदेशी परीक्षणे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, आणि माझ्या कोपराने तो बऱ्याच उशिरा ध्यानात आणून दिला.

निप्पॉनचा ९५० जीएच हाही पोलादीच, पण नळीची भिंत पातळ ठेवून वजन शंभर ग्रॅमच्या आत आणलेला. १९९९ पासून तो बाजारात आहे. धातूचा माणूस म्हणून मला त्याचे फार कौतुक वाटते. तेवढ्याच वजनात पोलादाचा आवाज आणि पोलादाची जाणीव तो देतो, चेंडू किंचित उंच उडवतो, आणि ज्यांचे सांधे शाबूत आहेत अशा साठीतल्या खेळाडूने ग्रॅफाइटवर पैसे घालण्याआधी हा नक्की मारून पाहावा. कोपराच्या दृष्टीने मात्र त्याने फारसा दिलासा दिला नाही. वजन कमी झाले म्हणून स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची क्रिया, सुखाचा झाला, पण मुरुमाचा धक्का तसाच आला.

स्टीलफायबर आय-९५ हा या तुलनेतला सर्वांत मनोवेधक शाफ्ट. त्याचा गाभा ग्रॅफाइटचा असून बाहेरून केसापेक्षा बारीक पोलादी तारांचा एक पातळ थर गुंडाळलेला आहे. वजन ९५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ९५० जीएचच्या बरोबरीचे. त्यामुळे आमच्या हाती आपसूकच एक स्वच्छ प्रयोग आला: वजन जवळजवळ सारखे, हेड तेच, ग्रिप तीच, फरक फक्त साहित्याचा. निकाल असा की खिशात मावणाऱ्या रडारवर दोघांची अंतरे दोन-चार यार्डांच्या आतच राहिली, म्हणजे फटक्या-फटक्यांत जेवढा फरक एरवीही पडतो तेवढाच. उंचीतही सांगण्यासारखा भेद नव्हता. भेद होता तो जमिनीला लागलेल्या फटक्यात. पोलादात जी कळ झणकन कोपरापर्यंत जात होती, ती इथे मनगटाशीच बोथट झाली. राळ आणि धागा यांच्या मिश्रणात कंप लवकर जिरतो, हे पाठ्यपुस्तकात मी स्वतः शिकवले होते. पण शिकवणे वेगळे आणि मे महिन्याच्या सकाळी साडेसहाला, तिसऱ्या होलवर, चुकलेल्या फटक्यानंतर हात न चोळता पुढे चालू लागणे वेगळे. माझी पिशवी वाहणारा नेहमीचा कॅडी दोन दिवस नुसते पाहत होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “साहेब, आवाज कमी येते, पन बॉल तेवढाच जाते.” यापेक्षा नेमके परीक्षण मला लिहिता आलेले नाही.

रिकॉइल ७८० सुमारे ८० ग्रॅमचा आहे. तो हाताला सर्वांत मऊ लागतो आणि सकाळच्या पहिल्या दोन-तीन फटक्यांत तो फारच आवडतो. परंतु बारा-पंधरा फटक्यांनंतर माझी लय बिघडू लागली. हेड कुठे आहे हे कळेनासे झाले आणि वरून खाली येताना मी घाई करू लागलो. आमच्यातले जे गृहस्थ संथ स्विंगचे आहेत, त्यांना मात्र हाच शाफ्ट सर्वांत मानवला आणि त्यांनी तो ठेवूनही घेतला. यात शाफ्टचा दोष नाही. पन्नास ग्रॅम एकदम कमी झाले की वीस वर्षांची सवय गोंधळते, एवढाच त्याचा अर्थ.

जाणीव, म्हणजे खेळाडू ज्याला ‘फील’ म्हणतात ती गोष्ट, शब्दांत पकडणे अवघड आहे, आणि तिच्याविषयी बोलताना माणसे सहज अतिशयोक्ती करतात. चेंडू आणि हेड यांचा स्पर्श सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. फटक्याची जाणीव हातापर्यंत पोहोचून मेंदूला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे फील हा घडून गेलेल्या गोष्टीचा वृत्तान्त आहे. पण वृत्तान्त खरा मिळाला तरच पुढचा फटका सुधारतो, आणि पोलादाच्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे ते हेच. पोलाद चांगल्या-वाईटाची बातमी ठणठणीत आवाजात देते, ग्रॅफाइट तीच बातमी हळू आवाजात देते. मला पहिले दोन आठवडे वाटले की माझे सगळेच फटके बरे लागताहेत. चेंडू कुठे पडत होते ते पाहिल्यावर हा भ्रम गेला. त्यानंतर हेडच्या तोंडावर पायाला लावायच्या पावडरीचा फवारा मारून चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते तपासण्याची सवय लावून घेतली. हात जे सांगत नाही ते ठसा सांगतो. ग्रॅफाइटकडे वळणाऱ्या प्रत्येकाने निदान महिनाभर हे करावे.

फीलचा दुसरा घटक म्हणजे टॉर्क, म्हणजे ठरावीक जोर लावून पिळले असता दांडा किती अंश पिळतो तो आकडा. आकडा मोठा तर जाणीव मऊ, लहान तर जाणीव ताठ. हलक्या शाफ्टमध्ये तो पाच-सहा अंशांपर्यंत जातो, भारी आणि ताठ शाफ्टमध्ये तीनच्या आसपास राहतो. आमच्या वेगाला चार अंशांचा शाफ्ट ‘सैल’ आहे असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी, ताशी ८८ मैलांच्या स्विंगला तीन अंशांचा शाफ्ट लाकडी दांडक्यासारखा लागतो, हेही एकदा अनुभवावे.

ड्रायव्हरविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे ग्रॅफाइटला आज पर्यायच नाही आणि तुलना आवडीनिवडीकडे झुकते. व्हेंटस ब्लू सर्वांत स्थिर वाटला. हेडच्या टोकाकडे लागलेले फटके इतर दोघांपेक्षा कमी भरकटले, आणि आमच्या ९८ मैलवाल्या गड्याने दोन दिवसांत तो उचलला. माझ्या हातात तो चांगला वागला, पण मला त्याच्याकडून काम करवून घ्यावे लागत होते. थकल्यावर, चौदाव्या-पंधराव्या होलनंतर, चेंडू कमी उंचीने जाऊ लागला. टेन्सेई सीके ब्लूच्या मुठीकडच्या भागात कार्बन आणि केव्हलार हा चिवट कृत्रिम धागा यांचे विणकाम आहे आणि ते उघड्या डोळ्यांना दिसते. केव्हलारमुळे मूठ मऊ लागते, हा कंपनीचा दावा मला तरी पटला; आम्हा चौघांपैकी तिघांनी, कोणता शाफ्ट आहे हे न सांगता मारायला दिला तेव्हा, हाच सर्वांत सुखाचा म्हणून निवडला. टूर एडी डीआय २००९ पासूनचा, नारिंगी रंगाचा. रंगामुळे नागपुरात त्याला लगेच ‘संत्रा’ हे नाव पडले. टायगर वुड्सने तो वापरल्यामुळे त्याची ख्याती झाली. टोकाशी ताठ आणि मध्ये लवचीक अशी त्याची घडण आहे, आणि लय जमली की त्याच्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. लय बिघडली की तो तुमचे दोष लपवत नाही. पुरस्कार द्यायचा तर मी माझ्यासाठी टेन्सेईला देईन. पण तिघांतल्या सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट सकाळींमधले अंतर हे शाफ्टपेक्षा झोपेवर अधिक अवलंबून होते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता मापाविषयी, ज्याला बाजारात फिटिंग म्हणतात. शाफ्टवर छापलेल्या, कडकपणा सांगणाऱ्या आर, एस, एक्स या अक्षरांना सर्व कंपन्यांना बांधील असे कोणतेही समान प्रमाण नाही. एका कंपनीचा एस दुसरीच्या आरइतका मऊ असू शकतो, म्हणून अक्षर पाहून खरेदी करणे म्हणजे चपलेचा आकडा पाहून पायात न घालताच पैसे मोजणे आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की आयर्नमध्ये पोलादाऐवजी ग्रॅफाइट घालताना बहुतेक लोक एक साधा हिशेब विसरतात. शाफ्ट सुमारे ९ ग्रॅमने हलका झाला की क्लबचे स्विंग-वजन, म्हणजे क्लब फिरवताना हाताला जाणवणारे हेडकडचे वजन, एक अंकाने उतरते. माझा शाफ्ट १३० वरून ९५ वर आला, म्हणजे ३५ ग्रॅम गेले, म्हणजे स्विंग-वजनाच्या मापात डी-२ चा क्लब चार अंक उतरून सी-८ च्या जवळ आला. हेड हातात जाणवेनासे होते, आणि दोष ‘ग्रॅफाइटला फील नाही’ असा शाफ्टच्या माथी मारला जातो. उपाय दोन आहेत: हेडमध्ये २ ग्रॅम वाढवले की एक अंक परत येतो, किंवा दांडा अर्ध्या इंचाने लांब ठेवला की सुमारे तीन अंक परत येतात. कंपन्या ग्रॅफाइटचे आयर्न तयार करताना अर्धा इंच लांब ठेवतात त्याचे एक कारण हेच. मी लांबी पाव इंच वाढवली आणि उरलेल्याची भरपाई शाफ्टच्या टोकात टंगस्टनची भुकटी घालून केली. त्यानंतरच आय-९५ मला खऱ्या अर्थाने आवडू लागला. त्याआधीचे माझे दोन आठवड्यांचे मत मी रद्द समजतो.

लांबी वाढली की लाय, म्हणजे हेड जमिनीवर टेकण्याचा कोन, बदलतो. तो तपासायला महागडे यंत्र लागत नाही. पुसता येणाऱ्या मार्करने चेंडूवर एक जाड उभी रेघ ओढावी, ती हेडच्या समोर येईल असा चेंडू ठेवावा आणि मारावे. रेघेचा ठसा तोंडावर सरळ उमटला तर कोन बरोबर. माथा टाचेकडे किंवा टोकाकडे झुकला तर कोन त्या प्रमाणात चुकलेला. पुण्याला जाऊन मी रीतसर फिटिंगही करून घेतले, आणि तिथल्या मापात व या रेघेच्या मापात जो फरक निघाला तो नगण्य होता. वजन आणि वेग यांसाठी तिथले मोजमाप उपयोगी पडले. कोनासाठी रेघ पुरेशी आहे.

शाफ्ट मागवताना टोकाचा व्यास पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. ड्रायव्हरला बहुतेक ०.३३५ इंचाचे टोक लागते. आयर्नमध्ये दोन घराणी आहेत: निमुळते ०.३५५ आणि सरळ ०.३७०. सरळ टोकाचा शाफ्ट निमुळत्या भोकात जात नाही, आणि निमुळता सरळ भोकात घातला तर आत डुगडुगतो व पातळ पाचर लावावी लागते. स्लीव्हचेही तसेच, एका कंपनीची दुसरीच्या हेडला चालत नाही.

आणि बसवणाऱ्याची निवड. माझा एक रिकॉइल फुकट गेला तो शाफ्टच्या दोषाने नव्हे. ज्या कारागिराकडे मी तो दिला, त्याने आयुष्यभर पोलादी शाफ्ट काढले होते आणि त्याच पद्धतीने हीट गनने हेड तापवून त्याने दांडा पिळून उपटला. पोलादाला हे सहज चालते. ग्रॅफाइटमध्ये उष्णतेने राळ मऊ पडलेली असते, आणि त्याच वेळी पीळ दिला की थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून काही दिसले नाही. चार दिवसांनी फटक्यासोबत एक कट् असा आवाज आला आणि टोकाजवळ उभी चीर दिसली, अगदी चिरलेल्या बांबूसारखी. ग्रॅफाइट काढताना उष्णता बेताची द्यावी लागते आणि शाफ्ट ओढण्याच्या यंत्राने तो न पिळता सरळ ओढावा लागतो. कापतानाही पाइप-कटर वापरायचा नसतो, कारण त्याने धागे चुरगळतात. घासणारे पाते लागते. कापताना उडणारी काळी भुकटी अंगाला खाजते आणि छातीत जाऊ देणे बरे नाही, म्हणून तोंडाला फडके हवे. कारागिराला हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना तो वैतागला, तर काम दुसरीकडे न्यावे.

नागपूरचा उन्हाळा हाही या परीक्षणाचा एक भाग मानावा लागतो. पारा ४५ अंशांच्या पुढे असताना बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला सेट किती तापतो, हे ग्रिपला हात लावल्यावर कळते. भट्टीत भाजलेल्या शाफ्टला त्या उष्णतेचे फारसे काही वाटत नाही, पण हेड चिकटवणाऱ्या इपॉक्सीला वाटते. आमच्यातल्या एकाचे चार नंबरचे हेड मे महिन्यात दांड्यावर किंचित फिरले, ते केवळ यामुळे. हेड नव्याने चिकटवल्यावर पूर्ण चोवीस तास हात लावू नये, आणि एप्रिल ते जून सेट डिकीत राहू देऊ नये.

किमतीच्या बाबतीत ग्रॅफाइट आजही महाग आहे, आणि आयात शुल्क व कुरियर धरले तर नागपूरला पोहोचेपर्यंत आणखी महाग होते. सात आयर्नना स्टीलफायबर घालण्याचा खर्च एका चांगल्या जुन्या सेटच्या किमतीला जाऊन भिडतो. ज्याचे कोपर ठीक आहे, वय पन्नाशीच्या आत आहे आणि जो आठवड्यातून एकदा खेळतो, त्याने हा खर्च करू नये. ९५० जीएच घ्यावा आणि उरलेल्या पैशांत प्रशिक्षकाचे दहा तास घ्यावेत. ज्याला कोपर, मनगट किंवा मानेचा त्रास आहे, त्याने डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिल्यानंतर थेट ९५ ग्रॅमच्या ग्रॅफाइटकडे जावे आणि ८० ग्रॅमवर एकदम उडी मारू नये. ग्रॅफाइट आयर्न ही म्हाताऱ्यांची गोष्ट आहे, या जुन्या टोमण्याला २०२० च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेने तसेही उत्तर दिलेले आहे. ब्रायसन डीशॅम्बो ती स्पर्धा विंग्ड फूटच्या मैदानावर जिंकला तेव्हा त्याच्या आयर्नचे शाफ्ट ग्रॅफाइटचे होते, आणि त्याच्याइतका जोरात मारणारा तेव्हा क्वचितच कोणी असेल.

माझ्या पिशवीत सध्या चार नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब) आय-९५ आहेत आणि ड्रायव्हरमध्ये टेन्सेई. दोन वेज मात्र डायनॅमिक गोल्डवरच ठेवले आहेत. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, कडेवरून वीस यार्डांचा चेंडू उचलताना पूर्ण स्विंग नसतो, धक्का बेताचा असतो आणि हेडचे वजन हातात हवे असते. तिथे १३० ग्रॅमचे पोलाद अजूनही मला जे सांगते ते दुसरे कोणी सांगत नाही. कोपराने आतापर्यंत तरी या व्यवस्थेवर हरकत घेतलेली नाही.